छत्तीस आणि शून्य

वेंडेल किंबरोला ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्या घरात फोनवरचं खासगी असं काही उरलं नव्हतं. बावीस वर्षं तोफखान्यात काढलेल्या माणसाचे कान ते. डावा पार गेलेला, उजवा असून नसल्यासारखा. फोन आला की तो टेबलावर ठेवायचा, आवाज पूर्ण वाढवायचा आणि पलीकडच्या माणसावर डाफरल्यासारखं बोलायचं, ही त्याची रीत. मंगळवारी दुपारी चार वाजता शिक्षणाच्या लाभांचं काम पाहणाऱ्या कार्यालयातून फोन आला, तेव्हा त्याची बायको ग्लेना तळायला भेंडी चिरत होती आणि मुलगी मार्ली नुकतीच शाळेतून येऊन फ्रिजमध्ये डोकं घालून उभी होती. पलीकडची बाई जे बोलली ते दोघींनी अक्षर न गाळता ऐकलं.

"सर, तुमच्या नोंदीत तीन नावं आहेत," बाई म्हणाली. "पत्नी ग्लेना, मुलगा कोल्बी, मुलगी मार्ली. कोल्बीच्या नावापुढे छत्तीस महिने. त्यातले सात वापरले गेलेत."

"तेच म्हणतोय ना मी! पोरानं कॉलेज सोडलं. उरलेले एकोणतीस मुलीच्या नावावर करा. तिला ऑगस्टात नर्सिंगला जायचंय."

"तसं नाही करता येणार, सर. तुम्ही वर्दीत होता तेव्हा तिच्या नावापुढे शून्य होतं."

"बरं, मग?"

"मग काही नाही, सर. किमान एक महिना असता तर बाकीचे आज हलवता आले असते. निवृत्तीनंतर कमीजास्त करता येतं. पण ज्याला काहीच दिलं नव्हतं, त्याला नव्यानं देता येत नाही."

"एक महिना?" वेंडेल ओरडला. "एका महिन्यावाचून अडलंय?"

"हो सर. एक असता तरी चाललं असतं. आणखी काही मदत करू का?"

आणखी कसली मदत करणार, कपाळ! वेंडेलनं फोन बंद केला. उघड्या दारामुळे फ्रिज टीं टीं करत होता. मार्लीनं ते लावलं, दुधाची बाटली परत जागेवर ठेवली आणि बापाकडे पाहिलं.

"शून्य?" ती म्हणाली.

"मी बोलतो त्यांच्याशी. वरच्या माणसाशी बोलतो. अशा गोष्टी सुटतात, मार्ली."

"येस सर," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर ग्लेनाला बरं वाटलं असतं.

छावणीच्या गावात छत्तीस महिने म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ओक्लाहोमातलं लॉटन हे तर छावणीवरच जगणारं गाव. अमुक वर्षं सैन्यात झिजा, सरकार तुमच्या कॉलेजचा खर्च उचलील. छत्तीस महिने, म्हणजे सुट्ट्या वगळून एक अख्खी पदवी. तुम्हाला शिकायचं नसेल तर बायकोला द्या, पोरांत वाटा. फक्त वाटणी वर्दी अंगावर असतानाच करायची, आणि तिच्या बदल्यात आणखी चार वर्षं लिहून द्यायची. वेंडेलनं ती दिली होती. त्यातलं एक वर्ष त्यानं वाळवंटात काढलं आणि ग्लेनानं घरात टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवून काढलं.

त्या छत्तीस महिन्यांना घरात सगळे "आपले महिने" म्हणत. ग्लेनाही म्हणायची, आणि तिचा तो हक्कच होता असं तिला वाटायचं. बावीस वर्षांत सहा बदल्या. प्रत्येक बदलीला खोकी भरली तिनं, शाळा शोधल्या तिनं, आणि स्वतःचं नर्सिंग दोनदा सुरू करून दोनदा अर्ध्यावर सोडलं. पहिल्यांदा जर्मनीला जायचं म्हणून, दुसऱ्यांदा जर्मनीहून परत यायचं म्हणून. आज ती गावातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या चादरी बदलते, आणि औषधाची सुई हातात धरायला तिला कायद्यानं बंदी आहे. मार्ली आठवीत असताना उन्हाळ्यात तिथं आईला मदत करायला आली होती. एका म्हातारीला झटका आला तेव्हा आई हात बांधून नर्सची वाट पाहत उभी राहिलेली तिनं पाहिली. "मॉम, तुला माहीत होतं काय करायचं ते, मग केलं का नाहीस?" असं तिनं घरी येताना विचारलं होतं. त्या दिवसापासून नर्सिंग, नर्सिंग, नर्सिंग. दुसरं नावच नाही.

आणि आता शून्य! ग्लेनानं चिरलेली भेंडी मक्याच्या पिठात घोळवली, तेलात सोडली, आणि कढईतल्या तेलापेक्षा आपणच जास्त तापलोय हे तिला कळलं.

"तीन रकाने होते," ती म्हणाली. "माझं नाव, त्याचं नाव, तिचं नाव. माझ्यापुढे पण शून्यच ना?"

"काय?"

"माझ्यापुढे पण शून्यच ना, म्हटलं!"

"ग्लेना, दहा वर्षं झाली त्याला. ऑफिसात बसून दहा मिनिटांत भरलं. कोल्बी मोठा होता, त्याला आधी लागणार होते. तिथला कारकून पोरगा म्हणाला, नंतर बदलता येतं. मला काय माहीत असली मेख असेल?"

चूक होते माणसाच्या हातून. ग्लेनानं त्या संध्याकाळी स्वतःची अशीच समजूत घातली. फौजेचे कागद म्हणजे चक्रव्यूह, त्यात भलेभले अडकतात. तिनं भेंडी तिघांच्या ताटात वाढली. मार्ली जेवायला आली नाही.

बुधवारी कोल्बी आला. बावीस वर्षांचा, टायरच्या दुकानात कामाला, नखांत काळं. त्याला कॉलेज कधी नकोच होतं. बापानं गाडीत घालून नेऊन सोडला होता, तो सात महिन्यांनी आपल्या पायानं परत आला. बहिणीच्या दाराबाहेर उभा राहून तो म्हणाला, "मार्ली, मला देता आले असते तर आत्ता दिले असते गं. आईशप्पथ."

"माहितीये," आतून आवाज आला. "तुझ्यावर राग नाही. जा, टायर बदल."

राग नव्हता म्हणे! त्या आवाजानं दारावरचा रंग उडाला असता. कोल्बी स्वयंपाकघरात आला, उभ्याउभ्या मक्याचा पाव खाल्ला आणि बापाशी न बोलता निघून गेला. घरात तेव्हापासून खरा छत्तीसचा आकडा सुरू झाला. माणसं चार, आणि चौघांच्या पाठी एकमेकांकडे.

गुरुवारी पाच वाजता दारावरची घंटा वाजली. दारात कडक इस्त्रीच्या वर्दीतली तिशीची एक बाई उभी होती, काखेत फाइल आणि चेहऱ्यावर हसू. तिच्या शेजारी मार्ली.

"मॉम, या सार्जंट ओचोआ. बाजारपेठेतल्या भरतीच्या ऑफिसातून आल्यात. मी बोलावलंय."

"नमस्कार, मॅम. घर छान आहे तुमचं."

भरतीवाल्यांची गाडी दुसऱ्यांच्या दारात उभी राहिलेली ग्लेनानं शंभर वेळा पाहिली होती. पण आलेल्या माणसाला दारातून हाकलायची रीत त्या मुलखात नाही. तिनं खुर्ची दिली, बर्फ घालून गोड चहा दिला. वेंडेल मागच्या अंगणातून आत आला, वर्दी पाहिली आणि सवयीनं ताठ झाला.

ओचोआनं पाल्हाळ लावलं नाही. मार्ली सतरा वर्षांची आहे, म्हणून आईबाप दोघांची सही लागेल. शाळा संपली की जूनमध्ये ती जाईल. चार वर्षांचा करार. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या मेडिकची जागा आहे, तिनं तीच मागितली आहे. परीक्षेत गुण उत्तम आहेत. जागा उद्या दुपारपर्यंत धरून ठेवता येईल, पुढे नाही.

"आणि तीन वर्षं झाली की माझे स्वतःचे छत्तीस महिने," मार्ली म्हणाली. "कोणाकडे मागायला नको."

"नाही," वेंडेल म्हणाला.

"डॅडी, तुम्ही पूर्ण ऐकलंत का?"

"ऐकलं. जेवढं ऐकू येतं तेवढं ऐकलं, आणि का कमी ऐकू येतं तेही मला ठाऊक आहे. माझी मुलगी ही वर्दी घालणार नाही. मी बावीस वर्षं घातली ती कशासाठी? तुम्हा पोरांना घालायला लागू नये म्हणून!"

"कोल्बीला लागू नये म्हणून."

"मार्ली!" ग्लेना म्हणाली.

"का? खोटं बोलले का मी? तुमची पेन्शन आणि मॉमचा पगार धरला की सरकारी मदत मिळत नाही. कर्ज काढायचं म्हटलं तर मॉम तिच्या न झालेल्या नर्सिंगचं अजून फेडतीये. मग सांगा ना, सर, दुसरा रस्ता दाखवा. मी बसते ऐकत."

"मी ट्रक विकतो."

"त्या ट्रकात एक वर्षही नाही निघणार."

वेंडेल तांबडाबुंद झाला. ओचोआ चहाच्या ग्लासावरचं पाणी बोटानं पुसत होती. घरच्या भांडणात परक्या बाईनं कुठं पाहावं? वातावरण निवळावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि भलतंच झालं.

"सार्जंट किंबरो, तुम्हाला मी आठवणार नाही," ती म्हणाली. "सात वर्षांपूर्वी मी तुमच्या तुकडीत होते. चौथ्या तोफेवर. तुम्ही आमचा लाभांच्या माहितीचा तास घ्यायचात. मी मागच्या वर्षी माझ्या मुलाचा फॉर्म भरला ना, तेव्हा तुमचीच आठवण आली. काय ओरडायचात तुम्ही!" ती हसली. "'कोणालाही शून्यावर ठेवू नका! बायकोशी भांडण झालं असेल तरी एक महिना टाका! पाळण्यातल्या पोराला एक महिना टाका! शून्य एकदा राहिलं की राहिलं!' तुमच्यामुळे आमच्या तुकडीतला एकही माणूस चुकला नाही, सार्जंट."

ग्लेना नवऱ्याकडे पाहू लागली. ओचोआच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. आपण काय केलं ते तिला कळलं नाही, पण काहीतरी केलं एवढं नक्की कळलं. ती उठली, कागद टेबलावर ठेवला, उद्या बाराला येते म्हणाली आणि निघाली. मार्ली तिला गाडीपर्यंत सोडायला गेली आणि तिथूनच चालत कुठंतरी गेली.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे ठीक. माणूस विसरतो, आळस करतो. पण हा दर सहा महिन्यांनी चाळीस पोरांसमोर उभा राहून शून्याच्या नावानं बोंबलत होता, आणि त्याच्या स्वतःच्या कागदावर त्याच्या स्वतःच्या पोटच्या पोरीपुढे शून्य होतं! वर्दी उतरायला तेव्हा आणखी दोन वर्षं बाकी होती. एक आकडा टाकायचा होता फक्त. ग्लेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वेंडेल गॅरेजमध्ये जाऊन हत्यारं लावत बसला होता. लावलेलीच हत्यारं पुन्हा लावत होता. ग्लेना आत गेली, गॅरेजचं शटर खाली ओढलं, त्याची श्रवणयंत्रं त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "घाल."

"ग्लेना, आत्ता नको."

"घाल म्हणते ना! आज मला ओरडायचं नाहीये. हळू बोलणार आहे मी, आणि तू एकेक शब्द ऐकणार आहेस."

त्यानं घातली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"आधी नव्हतं. फॉर्म भरला तेव्हा नव्हतं."

"नंतर होतं."

"हो."

"किती वर्षं?"

"तीनेक."

"तीन वर्षं पोरांना शिकवत होतास. घरी आल्यावर एकदाही कॉम्प्युटर उघडून तिच्या नावापुढे एक लिहिलं नाहीस. का?"

वेंडेल हातातला पाना उलटसुलट करत राहिला. "मनात यायचं. एकदा पानही उघडलं होतं. मग वाटलं, कोल्बीचा एक महिना कशाला तोडा? त्याला कमी पडला तर?"

"आणि तिला?"

"ग्लेना, हे गाव कसलं आहे? तूच बघ ना. इथल्या पोरी वीस-बावीसच्या होतात, शिपायाशी लग्न करतात. तुझ्या बहिणीनं केलं. तू केलंस. मला वाटलं, तिला तिच्या नवऱ्याचे मिळतील."

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं, आणि तेच तर भयंकर होतं. त्याला वाटलं, आपण कारण सांगितलं म्हणजे बायकोचा राग उतरेल. बायकांना कारण हवं असतं, असं तो बावीस वर्षं पोरांना सांगत आला होता.

"नवऱ्याचे मिळतील," ग्लेना म्हणाली. "मला मिळाले का रे?"

वेंडेलनं पाना खाली ठेवला.

"मी तुझ्याशी लग्न केलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. शिपायाशीच केलं. कुठं आहेत माझे? एक तरी? मी दोनदा कॉलेज सोडलं, आणि तू त्या कागदावर माझ्यापुढे शून्य लिहून घरी आलास आणि मी तुला जेवायला वाढलं. तुला काय वाटलं, पुढचा शिपाई तुझ्यापेक्षा चांगला निघेल?"

"मी वाईट नवरा आहे का, ग्लेना? दारू नाही, बाई नाही. पगार कधी..."

"मी नवऱ्याबद्दल बोलत नाहीये! तू तिला मोजलंच नाहीस. आपल्या घरात चार माणसं आहेत, आणि तुला एकच शिकणारं डोकं दिसलं. ज्या डोक्याला शिकायचंच नव्हतं, नेमकं तेच!"

ग्लेनाला त्याला मारावंसं वाटत होतं, आणि आयुष्यात तिनं कोणाला मारलं नव्हतं. तिला सरकारचाही संताप आला. हा कुठला देश, जिथं नर्स व्हायचं तर आधी कोणीतरी तोफेपाशी कान फोडून घ्यायचे, आणि बापानं फोडले ते पुरले नाहीत तर पोरीनं स्वतःचे आणायचे? पण सरकारला गॅरेजमध्ये कोंडता येत नाही. नवरा समोर होता. ती म्हणाली, "उद्या बाराला ती बाई येईल. सही करायची की नाही ते मी ठरवलेलं नाही. पण तू हो की नाही म्हणायच्या आधी हे मार्लीला सांगायचं. मला सांगितलंस तसं, याच शब्दांत. चूक झाली, घाई झाली, मेख माहीत नव्हती, असलं काही नको."

"तिला हे सांगून काय मिळणार? तिचं मन मोडेल."

"तिचं मन मोडलंय. तुला तुझं तोंड वाचवायचंय."

शुक्रवारी सकाळी मार्ली शाळेत गेली नाही. वेंडेलनं तिला सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. ग्लेना कट्ट्याला टेकून उभी होती आणि त्यानं शब्द बदलला की घसा खाकरत होती. त्यानं नवऱ्याचंही सांगितलं. मार्लीनं सगळं ऐकून घेतलं.

"मी चुकलो, मार्ली," तो शेवटी म्हणाला.

"चूक नकळत होते, डॅडी. हे तुम्ही ठरवलं होतं."

"मला एक वर्ष दे. मी कुठंतरी नोकरी धरीन, ट्रक विकीन. तू इथल्या कॉलेजात सुरुवात कर. पण सैन्यात जाऊ नको. तू पाहिलं नाहीस गं ते काय असतं. मी पाहिलंय. मेडिकांचं काय होतं ते पाहिलंय मी."

हे मात्र तो मनापासून बोलत होता. क्षणभर ग्लेनालाही वाटलं की याचं ऐकावं. पोरगी सतरा वर्षांची. हाताची नखं अजून खाते. मेडिक म्हणजे सगळे पळतात तेव्हा जिथून पळतात तिकडे धावणारं माणूस, हे काय ग्लेनाला ठाऊक नव्हतं?

"नऊ मार्चला मी अठरा वर्षांची होते," मार्ली म्हणाली. "मग मला तुमच्यापैकी कोणीच लागत नाही. पण तेव्हा ही जागा नसेल. जी असेल ती देतील. ट्रक चालव म्हणतील, नाहीतर तोफेवर उभी करतील. मी तरी जाणारच. आज सही केलीत तर निदान मला हवं ते शिकीन. मला दया नकोय, सर. सही हवीये."

तिनं हे आईकडे बघून म्हटलं, बापाकडे नाही. ग्लेनानं पोरीच्या चेहऱ्यात भीती शोधली. होती. पण ती या घरात राहण्याची जास्त होती. इथं वर्षभर बापाच्या उपकाराची भाकरी खायची, त्याच्या ट्रकवर शिकायचं आणि रोज सकाळी "थँक यू डॅडी" म्हणायचं, याची. ग्लेना त्या भीतीला चांगली ओळखत होती. तिनं तिच्यात सत्तावीस वर्षं काढली होती.

बाराला ओचोआ आली. आज तिनं चहा घेतला नाही. कागद सरळ करून टेबलावर ठेवला. "सही करण्याआधी दोघांनी वाचायला लागतं," ती म्हणाली.

वेंडेलनं चष्मा लावला. त्याला मनात वाचता येत नसे, तो मोठ्यानंच वाचायचा. "'आम्ही आमच्या मुलीच्या भरतीस संमती देत आहोत. तिच्या सेवेवरील, आणि त्या सेवेबद्दल मिळणाऱ्या वेतनावरील किंवा मोबदल्यावरील सर्व हक्क आम्ही सोडत आहोत.'" तो थांबला.

"पुढे, सर," मार्ली म्हणाली.

"'सही करावी म्हणून आम्हाला कोणतंही आश्वासन देण्यात आलेलं नाही.'"

"बरोबर आहे," ग्लेना म्हणाली. "कोणी दिलं नाही. कर सही."

"ग्लेना, तू तरी..."

"तिच्या कमाईवरचा हक्क सोडतो म्हणून लिहायचंय. तिच्यावर एवढा तरी खर्च कर."

त्यानं केली. मोठं, वळणदार अक्षर, बावीस वर्षं हजेरीपटावर उमटलेलं. मग त्यानं पेन बायकोपुढे धरलं. ग्लेनानं ते घेतलं नाही. स्वतःच्या पर्समधून दुसरं काढलं. तिनं तेच वाक्य पुन्हा वाचलं, ओठ न हलवता. वेंडेल भरती झाला तेव्हा त्याच्या सेवेवरचा हक्क सोड म्हणून तिला कोणी कागद दिला नव्हता. तो हक्क तिचा असेल असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. आज पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, आणि विचारत होतं ते सोडायला! तिनं सही केली. कागद फाटेल इतका जोर लागला. ओचोआनं कागद उचलून फुंकर घातली आणि फाइलमध्ये ठेवला.

"मार्ली," ग्लेना म्हणाली. वेंडेल तिथंच बसला होता, पण ती तो नसल्यासारखी बोलत होती. "एक सांगते, आणि हे तू विसरायचं नाही. तीन वर्षांनी तुझे छत्तीस महिने होतील. ते कोणाला द्यायचे नाहीत. नवऱ्याला नाही. पोरगा झाला तर पोराला नाही. तो कितीही गोड असू दे. एकेक महिना स्वतः खर्च करायचा. कळलं?"

मार्ली अंगठ्याचं नख कुरतडत होती.

"कळलं का, म्हटलं!"

"देताच येत नाहीत," मार्ली म्हणाली.

"काय देता येत नाहीत?"

"आईला. मी यांना विचारलं. नवरा आणि पोरं, एवढेच रकाने असतात. आईचा रकानाच नाही, मॉम."

ग्लेनानं ओचोआकडे पाहिलं. ओचोआनं मान खाली घातली.

"हे तू कधी विचारलंस?"

"बुधवारी. ऑफिसात गेल्या गेल्या," मार्ली म्हणाली. "पहिलं तेच विचारलं."